तळ्यात न विणारा मासा

चाकूर हे माझे आजोळ. तिथे विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या मामेभावाने गेल्या वर्षी जुलैत मला त्याच्या वर्गावर बोलावले. विषय ठरला होता ‘संप्रेरके’. फळ्यावर माणसाची आकृती काढून मी एकेका ग्रंथीची जागा दाखवत होते. पीयूषिका ग्रंथीपर्यंत आले आणि मागच्या बाकावरून एक हात वर झाला.

“मॅडम, उन्हाळ्यात आमचं तळं पार कोरडं पडतंय. मग पावसाळ्यात त्यात मासे येतेत कुठून?”

वर्गात हशा पिकला. दुसऱ्या एकाने परस्पर उत्तर देऊन टाकले, “सोसायटीवाले पिशवीतून आणून सोडतेत की.” पहिला काही हटेना. “अन् पिशवीत कुठून येतेत?”

भाऊ जरा संकोचला. पाहुणीसमोर मुलांनी विषय भलतीकडे नेला असे त्याला वाटले असावे. मला मात्र हसू आले, कारण पिशवीतले मासे कुठून येतात याचे उत्तर त्या क्षणी माझ्या खडूच्या टोकाखालीच होते. पीयूषिका ग्रंथीत! त्या तासाला घाईघाईने जे सांगितले, ते इथे जरा सविस्तर सांगते. कदाचित तुमच्याही वर्गात हा प्रश्न कधीतरी येईल.

आपल्याकडच्या तलावांत मुद्दाम सोडले जाणारे मासे मुख्यतः तीन: कटला, रोहू आणि मृगळ. तिघेही कार्प कुळातले, तिघेही मूळचे मुख्यतः उत्तर भारतातल्या मोठ्या नद्यांचे. एकाच तळ्यात ते एकमेकांच्या ताटात हात न घालता राहतात. कटल्याचे तोंड वरच्या बाजूला वळलेले, तो पृष्ठभागाजवळचे सूक्ष्मजीव खातो. रोहू मधल्या थरात चरतो. मृगळ तळाशी कुजलेल्या काडीकचऱ्यावर जगतो. म्हणजे एका तळ्याचे तीन मजले आणि तीन भाडेकरू. यांच्यापैकी कोणालाच दुसरे मासे खायला लागत नाहीत. त्यामुळे अन्नसाखळीत ते अगदी खालच्या पायरीवर बसतात आणि थोड्या खर्चात पुष्कळ प्रथिने देतात. चांगले खायला मिळाले आणि पाणी टिकले तर आठ-दहा महिन्यांत मासा किलोच्या आसपास भरतो.

आता यातली गंमत पाहा. तळ्यात हा मासा खातो, वाढतो, दोन वर्षांत वयातही येतो. पावसाळ्याच्या तोंडाला मादी कापून पाहिली तर पोट गाभोळीने गच्च भरलेले असते. रोहूच्या मादीत वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी सहज निघतात. पण ही मादी तळ्यात अंडी घालत नाही. पावसाळा येतो, जातो, आणि ती सगळी अंडी हळूहळू तिच्याच शरीरात जिरून जातात. ज्या पाण्यात मासा इतका सुखाने वाढतो तिथे त्याची वीण होत नाही! शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पीक झकास येते, पण घरचे बियाणे कधीच मिळत नाही. भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यशेतीचा बराचसा इतिहास हा या एका अडचणीचा इतिहास आहे.

राजाचा गळ आणि कर्नलची यादी

मराठवाड्याला माशांचे काय कौतुक, असे कोकणातले मित्र मला चिडवतात. त्यांना मी कल्याणीची आठवण करून देते. चाकूरपासून थेट दक्षिणेला, सरळ रेषेत सत्तर किलोमीटरच्या आसपास, आज बसवकल्याण नावाचे गाव आहे. बाराव्या शतकात ती चालुक्यांची राजधानी होती आणि आपला हा सगळा मुलूख तिच्या छायेत होता. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या शिक्षकांना तो ओळखीचा असेल. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, ही जुनी नोंद त्यातलीच. याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. गळाने मासे धरणे हा राजाच्या करमणुकीचा एक प्रकार, म्हणून त्यात नदीतल्या आणि समुद्रातल्या मिळून पस्तीसच्या आसपास माशांची नावे येतात. खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे, मोठे आणि लहान असे त्यांचे गट पाडले आहेत. कोणत्या माशाला कसला घास आवडतो, हेही सांगितले आहे. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत गजानन कुशाबा श्रीगोंदेकर यांनी संपादित करून छापला, आणि त्यातल्या मत्स्यप्रकरणाकडे सुंदरलाल होरा या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले.

सोमेश्वराला मासा कोठे राहतो आणि काय खातो हे ठाऊक होते. त्याचे बीज कोठून आणायचे, ही चिंता त्याला करण्याचे कारण नव्हते. नद्या वाहत होत्या, त्यांना बांध नव्हते, दर पावसाळ्यात नदीच बीज देत होती.

त्यानंतर सातशे वर्षांनी विल्यम हेन्री साइक्स नावाचा लष्करी अधिकारी दख्खनभर हिंडला. मुंबई सरकारसाठी माहिती गोळा करणे हे त्याचे काम. पक्षी, प्राणी, पिके, पाऊस सगळ्याची तो टिपणे करी. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध १८४१ मध्ये लंडनला छापला गेला. त्याने एक छान गोष्ट केली: नव्या माशांना शास्त्रीय नावे देताना स्थानिक मासेमारांच्या तोंडचे शब्दच उचलले. म्हणून आजही जगभरच्या संग्रहालयांत आपल्या नद्यांतले मासे ‘खुद्री’, ‘कोलस’, ‘नुकटा’, ‘सींगटी’ अशा नावांनी बाटल्यांत बसले आहेत. शास्त्रीय नाव म्हटले की ते लॅटिनच असणार अशी मुलांची समजूत असते. त्यांना हे जरूर सांगा.

या यादीतले पुष्कळसे मासे वाहत्या पाण्याचे. त्यांनाही वीण करायला पूर लागतो, वर चढत जायला मोकळी नदी लागते. गेल्या शतकात आपण बंधारे आणि धरणे बांधत गेलो तसतसे हे मासे मागे हटत गेले. तलाव झाले, पण तलावात स्वतःहून वाढणारे मोठे मासे उरले नाहीत. उरले ते चिवट मासे. मरळ, शिंगी, देशी मागूर यांना हवेतला प्राणवायू घेता येतो. पाणी आटत आले तरी चिखलात काही काळ तग धरता येतो. त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे. पण नुसत्या त्यांच्या भरवशावर गावाच्या जेवणात मासा येत नाही.

हावड्याच्या हंड्या

मग बीज आणायचे कोठून? कार्प मासे विणतात ते भर पावसाळ्यात. नदीला पूर आला, पाणी काठावरच्या सपाट, उथळ जमिनीवर पसरले, की माद्या आणि नर तिथे जमतात. अंडी पाण्यात पडतात, फलित होतात आणि चौदा ते अठरा तासांत फुटतात. बाहेर पडलेली पिले इतकी बारीक असतात की आपल्याकडे त्यांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात. खरेच जिऱ्यासारखी दिसतात. पंधरा-वीस दिवसांनी ती ‘मत्स्यबीज’ होतात आणि दोन-तीन महिन्यांत बोटाएवढी झाली की ‘बोटुकली’. नावे कशी नेमकी आहेत पाहा, मोजपट्टीची गरजच नाही!

बंगाल-बिहारमधले मासेमार गंगेच्या पुरात बारीक जाळी लावून हे जिरे धरत. तिथून ते हावड्याच्या बाजारात येई आणि मातीच्या हंड्यांतून रेल्वेने देशभर जाई. हंडीबरोबर माणूस असे. वाटेत पाणी हलवत राहायचे, म्हणजे त्यात हवा मिसळत राहते, आणि जमेल तिथे ते बदलायचे, हे त्याचे काम. एवढे करूनही मुक्कामाला पोचेपर्यंत पुष्कळ पिले मरत. जी पोचत त्यांत रोहू-कटल्याबरोबर दुसरीही दहा जातींची पिले असत, आणि त्यांतली काही मोठी झाल्यावर रोहूलाच खात. त्या वयात ती ओळखू येत नाहीत. म्हणजे बियाण्याच्या पोत्यात निम्मे तण, आणि ते पेरल्यावर कळणार. बंगालमध्ये बांकुरा-मिदनापूरकडे पावसाचे पाणी उतारावरून जोराने आत येईल असे खास बांध घालून त्यांत कार्प विणवण्याची युक्ती लोकांनी शोधली होती. ती तिथल्या जमिनीला आणि पावसाला जुळणारी होती. आपल्या काळ्या कातळाच्या देशात आणि बेभरवशाच्या पावसात तिचा फारसा उपयोग नव्हता.

इथपर्यंत कोडे तसेच राहिले. नदीत विणणारी मादी तळ्यात का विणत नाही? अंडी तर तयार आहेत. कमी काय आहे?

दुष्काळी मुलखातले उत्तर

या कोड्याचे उत्तर जिथे प्रथम हाती आले ती जागा मला फार महत्त्वाची वाटते. कारण ती आपल्यासारखीच आहे.

१८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ आपल्याला इतिहासात भेटतो. त्याच सुमारास, १८७७ ते १८७९ मध्ये, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला ब्राझीलच्या ईशान्य भागातही भयंकर दुष्काळ पडला होता. दोन्हींमागे पॅसिफिक महासागरातला एकच प्रबळ एल निनो होता. तिथल्या सरकारनेही पुढे तेच केले जे आपण केले: पाणी अडवायला तलाव बांधले. आणि तिथेही तोच अनुभव आला. तलावात सोडलेले नदीतले मासे वाढत, पण विणत नसत.

१९३२ मध्ये या दुष्काळी भागातल्या तलावांत मत्स्यसंवर्धन कसे करावे याचा शोध घेण्यासाठी तिथे एक शास्त्रीय मंडळ नेमले गेले. त्याचे प्रमुख रोदोल्फो फॉन इहेरिंग हे प्राणिशास्त्रज्ञ. शेजारच्या अर्जेंटिनात बर्नार्दो उस्साय यांनी १९३० च्या सुमारास एक प्रयोग केला होता: माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क दुसऱ्या, पिले घालणाऱ्या लहान माशाला टोचला, तर मादीला वेळेआधीच पिले झाली. (या उस्सायना पुढे १९४७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते पीयूषिका आणि साखरेचे पचन यांच्या संबंधावरच्या कामासाठी.) इहेरिंग यांनी हा धागा उचलला आणि १९३४ मध्ये तळ्यात न विणाऱ्या नदीतल्या माशांना याच अर्काची सुई देऊन विणवून दाखवले.

म्हणजे कमी होती ती अंडी नव्हे, हुकूम कमी होता. आपण वर्गात शिकवतो तीच साखळी इथे आहे. पाण्याचे तापमान, दिवसाची लांबी, पुराचे नवे गढूळ पाणी, प्रवाहाचा जोर ही सगळी खबर माशाच्या मेंदूतल्या अधश्चेतकाला पोचते. अधश्चेतक पीयूषिकेला संप्रेरकाने निरोप धाडतो. पीयूषिका रक्तात जननग्रंथींना चालना देणारे संप्रेरक सोडते, आणि अंडी शेवटची पक्वता गाठून सुटी होतात. तळ्यात सगळे असते, पूर नसतो. निरोप मध्येच अडतो. पीयूषिकेत संप्रेरक साठलेले असते, पण ते सुटत नाही. मग बाहेरून ते टोचले तर? साखळीतली तुटलेली कडी माणसाने जोडून दिल्यासारखे होते.

भारतात १९३७-३८ मध्ये पंजाबात हमीद खान यांनी मृगळावर सस्तन प्राण्याच्या ग्रंथीचा अर्क वापरून पाहिला, पण त्यातून वापरता येईल अशी पद्धत उभी राहिली नाही. पुढे १९५५ मध्ये हिरालाल चौधुरी या तरुण शास्त्रज्ञाने कटल्याच्या पीयूषिकेचा अर्क देऊन एका चिमुकल्या माशाला विणवले. साधारण त्याच काळात बंगळुरूमध्ये रामस्वामी आणि सुंदरराज यांनी शिंगी आणि मागूर या माशांवर असेच यश मिळवले. मोठे कार्प अजून दाद देत नव्हते.

ती दाद मिळाली १० जुलै १९५७ रोजी, ओडिशातल्या अंगुल इथल्या मत्स्यप्रक्षेत्रावर. चौधुरी आणि त्यांचे वरिष्ठ सहकारी के. एच. अलिकुन्ही कटकच्या मत्स्यसंशोधन केंद्रात काम करत होते. पद्धत वाचायला अगदी साधी आहे. ताज्या, वयात आलेल्या माशाची कवटी उघडून मेंदूच्या खालून मोहरीएवढी ग्रंथी काढायची. ती शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवायची. गरजेच्या वेळी खलात घोटून थोड्या पाण्यात मिसळायची, गाळ खाली बसवायचा आणि वरच्या निवळीची सुई माशाच्या शेपटीजवळच्या मांसल भागात द्यायची. मादीला एक हलका डोस, सहा तासांनी दुसरा जड. नराला दुसऱ्या वेळी एकच. मग एक मादी आणि दोन नर कापडाच्या चौकोनी ‘हाप्या’त पाण्यात सोडायचे. पहाटेपर्यंत हाप्यात अंड्यांचे दाणे चमकत असतात.

साधी आहे असे म्हटले खरे, पण मी स्वतः पीएच. डी. करताना एक पूर्ण हंगाम फुकट घालवला. ग्रंथींच्या बाटलीचे बूच सैल राहिले होते. अल्कोहोलने हवेतला ओलावा ओढून घेतला आणि ग्रंथी निकामी झाल्या. बावीस माद्यांना सुया दिल्या, एकीनेही अंडी घातली नाहीत. पुढचा पावसाळा येईपर्यंत हात चोळत बसावे लागले. संप्रेरकांच्या प्रयोगात वर्ष चुकले की वर्षच जाते.

मृगळ आणि रोहू यांच्यावरचा हा प्रयोग चौधुरी-अलिकुन्ही यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. कटला सर्वांत हट्टी, त्याला वश करायला नंतरही बराच घाम गाळावा लागला. १९८० च्या दशकात आणखी एक पायरी ओलांडली गेली. कॅनडातले रिचर्ड पीटर आणि चीनमधले लिन हाओरान यांनी दाखवले की निरोप अडवण्याचे काम मेंदूतले डोपामाइन करते. त्याला रोखणारे औषध आणि निरोपाचे कृत्रिम संप्रेरक एकत्र दिले, तर माशाची स्वतःचीच पीयूषिका मोकळी होते. आता बहुतेक ठिकाणी अशी तयार औषधे वापरतात. ग्रंथी काढण्यासाठी माशांची डोकी गोळा करत हिंडावे लागत नाही. गोल टाक्यांत पाणी फिरते ठेवून नदीचा आभास करणाऱ्या उबवणी केंद्रांतून जिरे तयार होते आणि प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीतून टेम्पोने गावात येते. हीच ती सोसायटीची पिशवी!

या एका सुईने काय केले ते आकड्यांत पाहू. १९५०-५१ मध्ये देशाचे एकूण मत्स्योत्पादन ७.५२ लाख टन होते. त्यात गोड्या पाण्याचा व इतर अंतर्गत जलसाठ्यांचा वाटा २.१८ लाख टन, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. २०२२-२३ मध्ये एकूण उत्पादन १७५.४५ लाख टन झाले आणि त्यातले १३१.१३ लाख टन अंतर्गत जलसाठ्यांचे होते. सगळे श्रेय सुईला देता येणार नाही. खाद्य, तलाव, बर्फ, रस्ते यांचाही वाटा मोठा आहे. पण बीज हातात नसते तर यातले काहीच उभे राहिले नसते. जगाचेही तेच. २०२२ हे वर्ष असे होते की पकडलेल्या जलचर प्राण्यांपेक्षा पाळलेल्यांचे उत्पादन प्रथमच जास्त भरले: ९ कोटी ४४ लाख टन. गाय-शेळी पाळायला लागून माणसाला हजारो वर्षे झाली. मासा पाळण्याच्या बाबतीत तो उंबरठा आपल्या डोळ्यांदेखत ओलांडला गेला.

पाण्याचे महिने

मग लातूर-उदगीरच्या बाजारात बर्फाच्या पेटीतला रोहू आंध्रातून का येतो? चाकूरच्या आसपास तलाव आहेत, मासे सोडणाऱ्या सोसायट्या आहेत, बीज मिळते. अडते कुठे?

अडते ते पाण्यावर. किती पाणी, यापेक्षाही किती महिने पाणी, यावर. आपल्याकडे मासे सोडतात ते जुलै-ऑगस्टमध्ये, तलावात पाणी आल्यावर. कटल्याला आठ-दहा महिने हवेत. म्हणजे एप्रिल-मेपर्यंत तलावात निदान कमरेएवढे पाणी टिकले पाहिजे. उघड्या तलावातून आपल्या भागात वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी नुसते वाफ होऊन जाते. त्यात रब्बीला पाणी सुटते, मोटारी लागतात. चांगल्या वर्षी जमते. वाईट वर्षी फेब्रुवारीतच तळे थाळीएवढे होते आणि पाव-अर्धा किलोचे मासे मिळेल त्या भावाने काढावे लागतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला प्यायचे पाणी आणावे लागले होते. पहिल्या गाडीत दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. एकेकाळी रेल्वेने हंड्यांतून बीज येई, आणि आता त्याच रुळांवरून पाणी आले. त्या वर्षी माशांचे काय झाले असे विचारण्याची कोणाची छाती झाली नसती, आणि विचारूही नये. माणसांचा घसा आधी.

पण साध्या वर्षांचे काय? इथे मला थोडे स्पष्ट बोलावेसे वाटते. मासा पाणी पीत नाही, संपवत नाही. तलावातून उसाला किंवा हरभऱ्याला पाणी देऊनही त्यात मासा वाढू शकतो, फक्त शेवटचे एक-दोन हात पाणी तळात राहू दिले पाहिजे. ते राहू द्यायचे की नाही हे ठरवताना मासेमारांना विचारले जातेच असे नाही. तळ्याचा मत्स्य-ठेका एकाकडे, पाण्याचा निर्णय दुसऱ्याकडे. विज्ञानाने बीजाचा प्रश्न सोडवला. पाण्याचे महिने कोणी वाटायचे, हा प्रश्न कोणत्याही सुईने सुटणारा नाही.

तरीही शास्त्राकडे याचे अर्धेमुर्धे उत्तर आहे. एक म्हणजे बोटुकली वर्षभर दाटीत, कमी खाद्यावर रोखून ठेवायची. तिची वाढ खुंटते, पण मोकळ्या पाण्यात सोडल्यावर ती झपाट्याने भरून निघते आणि कमी महिन्यांत विक्रीजोगी होते. आंध्रातले शेतकरी हे सर्रास करतात. दुसरे, मासाच बदलायचा. आंध्र प्रदेशातल्या बापटल्याचे मोदडुगु विजय गुप्ता १९८६ पासून बांगलादेशात काम करत होते. तिथे घरामागचे खड्डे, रस्त्याकडेची डबकी चार-सहा महिनेच भरलेली असतात. ती मत्स्यशेतीला निरुपयोगी समजली जात. गुप्तांनी लवकर वाढणाऱ्या जाती निवडून गरीब घरांतल्या बायकांना त्यांतून मासे काढायला शिकवले. २००५ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. २०२१ मध्ये तोच पुरस्कार शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांना मिळाला. त्यांनी दाखवले की डोके-काट्यांसकट खाल्ला जाणारा ‘मोला’ हा बोटभर लांबीचा देशी मासा अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम यांच्या बाबतीत मोठ्या कार्पच्या कितीतरी पुढे आहे. तो कार्पच्या तळ्यातच वाढवता येतो आणि कार्पचे उत्पन्न त्याने घटत नाही. शिवाय तो तळ्यात स्वतःच वितो. ज्याला आपण जाळ्यातला कचरा म्हणून बाजूला टाकत होतो, त्याच्यात बाळंतिणीचे आणि पोराचे पोषण होते.

तळ्यात विणणारा परदेशी मासा आणणे हा मार्गही आपण चोखाळून पाहिला आहे. तिलापिया १९५२ मध्ये भारतात आला. मादी अंडी तोंडात सांभाळते, तिला ना पूर लागतो ना सुई. तो इतका वितो की तळे पिलांनी भरते आणि एकही धड मोठा होत नाही. उजनीत आणि पैठणच्या नाथसागरात आज जाळ्यात तोच भरपूर येतो. लोक त्याला ‘चिलापी’ म्हणतात आणि आवडीने खातातही. गरिबाच्या ताटात तो पोचला हे मी नाकारत नाही. पण साइक्सच्या यादीतल्या माशांसाठी तो चांगला शेजारी नाही. एकदा नदीच्या खोऱ्यात शिरलेला मासा परत काढता येत नाही, म्हणून पुढचा परदेशी मासा आणण्याआधी मरळ-शिंगी-मागूर या आपल्याच चिवट मंडळींकडे पुन्हा पाहावे असे माझे मत आहे. बंगळुरूच्या प्रयोगशाळेत सर्वांत आधी सुईला दाद देणारे तेच होते. इथे एक सावधगिरी: मागूर म्हणून बाजारात आफ्रिकन मागूरही येतो. तो देशी नव्हे, आणि त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे.

त्या दिवशी तास संपल्यावर आम्ही सगळे तळ्यावर गेलो. दगडी पिचिंगवर भावाने मुलांकडून ऑइलपेंटने हातभर अंतरावर खुणा करून घेतल्या. दर महिन्याच्या एक तारखेला पाणी कोणत्या खुणेला आहे ते वहीत लिहायचे, एवढेच काम. यंत्र नको, अनुदान नको. विज्ञानाच्या वहीत आलेखही होतो, आणि बाष्पीभवन, सिंचन, पाऊस या तिन्हींचा हिशेब एका रेषेत दिसतो.

या मार्चमध्ये भावाचा फोन आला. सोसायटीने ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पिशव्या सोडल्या होत्या. पाणी कमरेच्या खुणेखाली गेले फेब्रुवारीच्या मध्यावर. म्हणजे सहा महिने. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आलेखाखाली पेन्सिलने लिहिले आहे, “सहा महिन्यांत कोणता मासा होतो?” भावाने वही तशीच माझ्याकडे पाठवली आहे. उत्तर लिहायला घेतले आहे, पण त्याआधी त्याच्याकडून मला आणखी एक गोष्ट हवी आहे: तळे आटल्यावर गावातली पोरे चिखलातून जी मरळ काढतात, ती किती भरते.